ही मेमरी आत्ता कुणाची? केव्हीएम आणि नेटवर्क ड्रायव्हरचा कर्नल कोड लिहिताना

प्रश्न असा आहे: सी चांगली येते, काही वर्षं यूजरस्पेसमध्ये सर्व्हर लिहिले आहेत, आता लिनक्स कर्नलमध्ये व्हर्च्युअलायझेशन (म्हणजे केव्हीएम, कर्नलमधला व्हर्च्युअल मशीन चालवणारा भाग) आणि नेटवर्क ड्रायव्हरवर काम करायचं आहे. आधी काय पक्कं करावं आणि लोक नेमके कुठे अडखळतात?

या दोन्ही भागांत मी बरीच वर्षं घालवली आहेत, म्हणून सरळ सांगतो. एपीआय पाठ करत बसू नका. ते बदलत राहतात, आणि शेजारचा एखादा ड्रायव्हर उघडला की कसे वापरायचे ते कळतं. पक्का करायचा तो एकच प्रश्न: मी या ओळीवर असताना ही मेमरी कुणाच्या ताब्यात आहे? यूजरस्पेसमध्ये तिच्यावर हक्क सांगणारे म्हणजे फार तर तुमचेच दोन-चार थ्रेड, आणि ते सगळे तुमचं लॉक मानतात. इथे दुसरा सीपीयू असतो, डीएमए करणारं, म्हणजे सीपीयूला मध्ये न घेता थेट मेमरी वाचणारं-लिहिणारं डिव्हाइस असतं, आणि व्हर्च्युअल मशीन असेल तर सीमेपलीकडे गेस्ट (आत चालणारी सिस्टिम) किंवा होस्ट (तिला चालवणारं मशीन) असतो. डिव्हाइसला आणि पलीकडच्या बाजूला तुमचं लॉक दिसतसुद्धा नाही. मला रात्र-रात्र जागवणारे जवळजवळ सगळे बग या एका प्रश्नाचं उत्तर चुकल्यामुळे आलेले होते.

वेळेचा हिशेब आधी करून घ्या, कारण रचना अशी का आहे ते त्यातून उलगडतं. १० गिगाबिटच्या लिंकवर सगळ्यात लहान, म्हणजे ६४ बाइटची फ्रेम घ्या. सुरुवातीचा प्रीॲम्बल आणि दोन फ्रेममधली सक्तीची मोकळी जागा मिळून आणखी २० बाइट. एकूण ८४ बाइट, ६७२ बिट, म्हणजे ६७.२ नॅनोसेकंद. सेकंदाला सुमारे १ कोटी ४८ लाख ८० हजार पॅकेट. ३ गिगाहर्ट्झच्या कोअरला एका पॅकेटमागे जेमतेम २०० सायकल मिळतात. गेस्टमधून होस्टमध्ये बाहेर पडून परत आत शिरायला, म्हणजे एका व्हीएम एक्झिटला, हजाराहून जास्त सायकल सहज जातात. एका एक्झिटच्या वेळात पाचेक पॅकेट निघून गेलेली असतात.

क्यूईएमयू, म्हणजे व्हर्च्युअल मशीनला नकली हार्डवेअर पुरवणारा यूजरस्पेसमधला प्रोग्राम, इंटेलच्या जुन्या ई१००० नेटवर्क कार्डाची नक्कल करतं, तेव्हा गेस्टमधल्या ड्रायव्हरने कार्डाच्या रजिस्टरला हात लावला की एक्झिट होतो. म्हणून कर्नल डेव्हलपर रस्टी रसेल यांनी व्हर्चिओ आणलं. गेस्टला आपण गेस्ट आहोत हे माहीत आहे असं धरायचं, आणि खऱ्या कार्डाची नक्कल सोडून दोन्ही बाजूंनी सामायिक मेमरीतल्या रिंगमधून बोलायचं. केव्हीएम फेब्रुवारी २००७ च्या २.६.२० कर्नलमध्ये आलं, व्हर्चिओ त्यानंतर वर्षभरात, जानेवारी २००८ च्या २.६.२४ मध्ये. २०१० साली २.६.३४ मध्ये व्हीहोस्ट-नेट आलं आणि होस्टकडची बाजूही क्यूईएमयूमधून कर्नलमध्ये सरकली. हा इतिहास माहीत असला की कोडमधले थर ओळखू येतात.

आता ती रिंग जवळून पाहू. स्प्लिट रिंगमध्ये (व्हर्चिओच्या मूळ मांडणीत) एक डिस्क्रिप्टर, म्हणजे एका बफरची नोंद, १६ बाइटचा असतो: ६४ बिटांचा पत्ता, ३२ बिटांची लांबी, १६ बिटांचे फ्लॅग आणि १६ बिटांचा पुढच्या डिस्क्रिप्टरचा क्रमांक. ड्रायव्हर डिस्क्रिप्टर भरतो, त्याचा क्रमांक अव्हेलेबल रिंगमध्ये टाकतो, आणि सगळ्यात शेवटी अव्हेलेबल इंडेक्स एकाने वाढवतो. ताबा बदलतो तो या शेवटच्या लिहिण्याच्या क्षणी. त्याच्या आधी बफर तुमचं. त्यानंतर ते डिव्हाइसचं, आणि यूज्ड रिंगमधून (काम झालेली बफर डिव्हाइस जिथे परत देतं तिथून) परत येईपर्यंत त्यातला एक बाइटही वाचायचा किंवा बदलायचा नाही. नवीन माणूस हटकून चुकतो तो इथे: इंडेक्स वाढवून झाल्यावर 'आकडेवारीसाठी' म्हणून पॅकेटची लांबी एसकेबीमधून (कर्नल पॅकेट ज्या रचनेत ठेवतो तिच्यातून) वाचतो. तोपर्यंत दुसऱ्या सीपीयूवर पॅकेट गेल्याची पावती येऊन एसकेबी मोकळा झालेला असू शकतो. लांबी आधीच स्थानिक व्हेरिएबलमध्ये घेऊन ठेवा.

डिस्क्रिप्टर भरणं आणि इंडेक्स वाढवणं यांच्यामध्ये राइट बॅरियर लागतो, म्हणजे आधीचं लिहिणं इतरांना नंतरच्या लिहिण्याच्या आधीच दिसेल याची हमी देणारी सूचना. एक्स८६ वर सीपीयू दोन स्टोअरचा क्रम साधारणपणे उलटा दाखवत नाही, त्यामुळे बॅरियर विसरला तरी तुमच्या टेबलावरच्या मशीनवर महिनोन्महिने सगळं सुरळीत चालतं. तोच कोड आर्म६४ वर नेला की डिव्हाइसला नवा इंडेक्स दिसतो, पण डिस्क्रिप्टर जुनाच दिसतो. म्हणून ड्रायव्हर लिहिणाऱ्याने एक आर्म मशीन हाताशी ठेवावंच.

व्हर्च्युअलायझेशनमध्ये याच्यावर आणखी एक पेच बसतो, आणि तो मला फार शिकवून गेला. कर्नलमध्ये एसएमपी_डब्ल्यूएमबी नावाचा बॅरियर आहे. कर्नल एकाच सीपीयूसाठी बांधला, तर त्याचा नुसता कंपायलर बॅरियर उरतो, जो कंपायलरला क्रम बदलू देत नाही पण सीपीयूला अडवत नाही. एकच सीपीयू असताना दुसऱ्या कुणाला क्रम दिसणार, हा त्यामागचा विचार बरोबरच आहे. पण हा एकसीपीयूचा कर्नल गेस्ट म्हणून चालतो तेव्हा पलीकडचा व्हीहोस्टचा थ्रेड होस्टच्या दुसऱ्या कोअरवर असतो, आणि त्याला क्रम दिसतो. गेस्टच्या कर्नलला वाटतं आपण एकटे आहोत, आणि ते खरं नसतं. यासाठीच व्हर्ट_डब्ल्यूएमबी आणि त्याची भावंडं वेगळी ठेवली आहेत. खरं हार्डवेअर असेल तर डीएमए_डब्ल्यूएमबी. तीन नावं सारखी दिसतात म्हणून हाताला येईल ते वापरू नका. पलीकडे कोण आहे ते आधी स्वतःला विचारा.

आता एक बग पूर्ण सांगतो. एका खऱ्या कार्डाच्या ड्रायव्हरवर काम करताना तक्रार आली: भार वाढला की दोन-तीन दिवसांतून एकदा ट्रान्समिट क्यू अडकतो. लॉगमध्ये नेटडेव्ह वॉचडॉगची ओळ, ट्रान्समिट क्यूची मुदत संपल्याची. हा वॉचडॉग ड्रायव्हरने वेगळं काही सांगितलं नसेल तर ५ सेकंद थांबतो आणि मग ओरडतो. सगळ्यांनी आधी कार्डावर संशय घेतला. फर्मवेअर तपासलं, केबल बदलल्या. शेवटी अडकलेल्या अवस्थेत रिंगचे इंडेक्स काढून पाहिले, तर रिंग पूर्ण रिकामी! कार्डाने आपलं काम केव्हाच संपवलं होतं. क्यू मात्र 'थांबवलेला' होता आणि त्याला उठवणारं कुणी उरलं नव्हतं.

घडत होतं ते असं. पाठवणाऱ्या फंक्शनमध्ये, म्हणजे एनडीओ_स्टार्ट_एक्समिटमध्ये, ड्रायव्हर रिंगमधली मोकळी जागा बघतो. जागा संपलेली दिसते. क्यू थांबवण्याची ओळ अजून चालायची आहे. एवढ्यात दुसऱ्या सीपीयूवर पावत्या गोळा करणारा कोड चालतो, सगळे डिस्क्रिप्टर मोकळे करतो, क्यू थांबलेला आहे का ते बघतो. अजून थांबलेला नाही, म्हणून उठवायची गरज नाही असं ठरवून निघून जातो. मग आपण क्यू थांबवतो. कार्डाकडे काहीच बाकी नाही, म्हणून आता पावती येणार नाही. पावती नाही म्हणून उठवणं नाही.

दुरुस्तीला मोजून चार ओळी लागल्या. क्यू थांबवायचा, पूर्ण मेमरी बॅरियर द्यायचा, मोकळी जागा पुन्हा मोजायची, जागा झाली असेल तर क्यू लगेच सुरू करायचा. समोरच्या बाजूलाही तसंच: इंडेक्स पुढे सरकवायचा, पूर्ण बॅरियर, आणि मगच क्यू थांबला आहे का ते बघायचं. इथे 'एक्स८६ वर चालतं' हा आधारही मिळत नाही. आधी स्टोअर आणि मग दुसऱ्या पत्त्यावरून लोड, हा क्रम एक्स८६ सुद्धा उलटवू शकतो; स्टोअर बफरमध्ये पडून राहतो आणि लोड पुढे निघून जातो. आता नेटडेव्हच्या हेडरमध्ये यासाठी तयार मॅक्रो आहेत, नेटिफ_टीएक्सक्यू_मेबी_स्टॉप आणि त्याचा जोडीदार. नवा ड्रायव्हर लिहीत असाल तर तेच वापरा, पण आत काय आहे ते वाचल्याशिवाय नको.

हा आकार डोक्यात बसला की तो जागोजागी दिसायला लागतो. नॅपी, म्हणजे इंटरप्ट बंद ठेवून रिंग स्वतःच तपासत राहण्याची कर्नलची पद्धत; तिचं पोलिंग संपवताना हेच आहे. नॅपीमध्ये एका फेरीत एका ड्रायव्हरने साधारण ६४ पॅकेट उचलायची असतात. त्यापेक्षा कमी मिळाली तर काम संपलं, इंटरप्ट पुन्हा चालू करायचा आणि झोपायचं. आपण शेवटचं पाहिलं तेव्हा रिंग रिकामी होती, आणि इंटरप्ट चालू करायच्या आधी पॅकेट आलं, तर त्याची वर्दी कुणीच देत नाही. म्हणून व्हर्चिओ-नेटमध्ये कॉलबॅक आधी चालू करतात आणि मग रिंगकडे पुन्हा एकदा बघतात; काही आलेलं असलं तर नॅपी स्वतःच परत लावतात. झोपायच्या आधी घंटा बांधायची, आणि घंटा बांधून झाल्यावर दार पुन्हा उघडून बघायचं. दुसऱ्यांदा बघणं 'जादा' वाटून काढून टाकणारे पॅच मी परीक्षणात बऱ्याचदा परत पाठवले आहेत.

केव्हीएमच्या बाजूला मालकीचा प्रश्न पानांच्या पातळीवर येतो. गेस्टची मेमरी ही होस्टच्या दृष्टीने एका साध्या प्रोसेसची मेमरी. होस्ट ती स्वॅप करू शकतो, हलवू शकतो, दोन सारखी पानं एक करू शकतो. इकडे केव्हीएमने मात्र त्या पानाचा प्रत्यक्ष पत्ता दुसऱ्या पातळीच्या पेज टेबलमध्ये (गेस्टचे पत्ते होस्टच्या प्रत्यक्ष पत्त्यांशी जोडणाऱ्या) लिहून ठेवलेला असतो. पान हललं आणि टेबलमधली नोंद राहिली, तर गेस्ट दुसऱ्याच कुणाच्या मेमरीत लिहील. हे टाळायला एमएमयू नोटिफायर आहे: होस्ट पान काढून घेण्याआधी केव्हीएमला कळवतो.

पण पेज फॉल्ट (टेबलमध्ये नोंद नसलेल्या पानाला गेस्टने हात लावणं) हाताळताना पान मिळवायला झोपावं लागू शकतं, आणि स्पिनलॉक धरून झोपता येत नाही. म्हणून कोड असा लिहिलेला आहे: आधी इनव्हॅलिडेशनचा क्रमांक वाचून ठेवा, मग लॉक न धरता पान मिळवा, मग एमएमयू लॉक (या पेज टेबलचं लॉक) घ्या आणि क्रमांक पुन्हा तपासा. मधल्या काळात तो बदलला असेल किंवा एखादं इनव्हॅलिडेशन अजून चालू असेल, तर मिळवलेलं पान सोडून द्या आणि सगळं पहिल्यापासून करा. केव्हीएमचा एकच भाग नीट वाचायला वेळ असेल तर हा वाचा. लॉकशिवाय मालकीचा दावा कसा करायचा आणि तो कसा पडताळायचा, याचा इतका स्वच्छ नमुना मला दुसरीकडे सापडलेला नाही.

यानंतर विश्वासाचा मुद्दा. होस्टच्या बाजूने लिहिताना गेस्टच्या मेमरीतून आलेली प्रत्येक संख्या शत्रूने लिहिलेली आहे असं धरा. हे सगळ्यांना माहीत असतं, तरी चूक होते ती दोनदा वाचण्याची. डिस्क्रिप्टरची लांबी गेस्टच्या मेमरीतून वाचली, मर्यादेत आहे हे तपासलं, आणि कॉपी करताना तीच लांबी पुन्हा गेस्टच्या मेमरीतून वाचली. या दोन वाचनांच्या मध्ये गेस्टचा दुसरा व्हीसीपीयू (व्हर्च्युअल सीपीयू) ती बदलू शकतो. तपासलेली संख्या एक, वापरलेली दुसरी. कोडमध्ये तुम्ही एकदाच वाचलं असलं तरी कंपायलर दोनदा वाचू शकतो. म्हणून डिस्क्रिप्टर आधी स्वतःच्या स्टॅकवर कॉपी करायचा, आणि मग त्या कॉपीवरच तपासणी आणि काम दोन्ही करायचं. २०१५ साली गाजलेला व्हेनम हा दोष क्यूईएमयूच्या फ्लॉपी कंट्रोलरमध्ये होता, बफरच्या मर्यादेची तपासणी नीट नसल्याचा. फ्लॉपी कुणी वापरत नव्हतं, पण तिचा कोड गेस्टला हात लावता येईल असा उघडा होता.

गेल्या काही वर्षांत हे उलट दिशेनेही लागू झालं आहे. एएमडीचं एसईव्ही-एसएनपी किंवा इंटेलचं टीडीएक्स (गेस्टची मेमरी होस्टपासूनही राखणारी तंत्रं) वापरणारा गेस्ट होस्टवर विश्वास ठेवत नाही. म्हणजे गेस्टमधल्या व्हर्चिओ ड्रायव्हरनेही यूज्ड रिंगमधून आलेला क्रमांक आणि लांबी तपासूनच वापरायला हवी. जुने ड्रायव्हर 'डिव्हाइस खोटं बोलणार नाही' या समजुतीवर लिहिलेले आहेत. नव्याने काम शोधणाऱ्याला इथे बरंच करण्यासारखं आहे.

लाइव्ह मायग्रेशनही याच धाग्यावर येतं. गेस्ट चालू असतानाच त्याची मेमरी दुसऱ्या मशीनवर पाठवायची, आणि दरम्यान जी पानं बदलली ती पुन्हा पाठवायची. व्हीसीपीयूने लिहिलेलं दुसऱ्या पातळीच्या पेज टेबलच्या आधारे कळतं. पण व्हीहोस्टचा थ्रेड गेस्टच्या मेमरीत थेट लिहितो, त्या वाटेवर ते टेबल लागतच नाही. म्हणून व्हीहोस्टला बदललेल्या पानांची नोंद स्वतः ठेवावी लागते. ती एका वाटेवर राहून गेली तर मायग्रेशन 'यशस्वी' होतं आणि पलीकडे गेल्यावर एखाद्या पॅकेटमध्ये जुने बाइट निघतात. खरं कार्ड गेस्टला थेट दिलं की मायग्रेशन अवघड होतं ते बरंचसं यामुळेच: कार्डाचा डीएमए या हिशेबात आपोआप येत नाही.

ड्रायव्हर काढून टाकण्याचा मार्ग लोक सगळ्यात शेवटी आणि सगळ्यात घाईत लिहितात. आधी डिव्हाइस थांबवा, खरंच थांबलं याची खात्री करा, मग मेमरी सोडा. व्हर्चिओ १.० च्या पीसीआय डिव्हाइसमध्ये स्टेटसमध्ये शून्य लिहिणं पुरेसं नाही. ते परत वाचून शून्य येईपर्यंत थांबायचं असतं. त्याआधी बफर सोडलं तर डिव्हाइस त्यात लिहू शकतं, आणि तोवर ते पान कुठल्या तरी फाइलच्या कॅशचं झालेलं असतं. असा बग तुमच्या ड्रायव्हरच्या नावाने कधीच समोर येत नाही. तो फाइल सिस्टिमच्या नावावर जातो आणि दुसऱ्याच कुणाचे आठवडे खातो.

सुरुवात कुठून करावी? क्यूईएमयूमध्ये एज्यू नावाचं शिकवण्यासाठीच बनवलेलं पीसीआय डिव्हाइस आहे. त्याच्या एका रजिस्टरमध्ये संख्या लिहिली की सगळे बिट उलटे करून परत मिळते, दुसरं फॅक्टोरियल काढून इंटरप्ट देतं, आणि ४०९६ बाइटच्या बफरमधून डीएमए करता येतो. त्याचा डीएमए मूळ सेटिंगमध्ये २८ बिटांचा, म्हणजे फक्त पहिल्या २५६ एमबीपर्यंत पोहोचणारा आहे. तुम्ही डीएमए मास्क लावायला (डिव्हाइस किती बिटांच्या पत्त्यापर्यंत पोहोचतं ते कर्नलला सांगायला) विसरलात तर लहान गेस्टमध्ये सगळं चालेल आणि गेस्टची मेमरी वाढवली की बिघडेल. ही चूक एकदा मुद्दाम करून बघा, खूप उपयोगी पडते. त्यानंतर कर्नलमधला डमी नेटवर्क ड्रायव्हर वाचा, जेमतेम दोनेकशे ओळींचा आहे. मग व्हीईटीएच (जोडीने येणारी आभासी इथरनेट कार्डं), मग व्हर्चिओ-नेट. केव्हीएमसाठी /डेव्ह/केव्हीएम उघडून स्वतःचा छोटासा व्हीएमएम (व्हर्च्युअल मशीन चालवणारा प्रोग्राम) लिहा: एक व्हीएम, एक व्हीसीपीयू, एक पान मेमरी, आणि त्यात सीरियल पोर्टवर एक अक्षर काढून थांबणारा मशीन कोड. आउट सूचनेवर तुमच्या लूपमध्ये केव्हीएम_एक्झिट_आयओ येताना एकदा पाहिलं, की एक्झिट म्हणजे काय ते कायमचं कळतं.

विकासासाठीच्या कर्नलमध्ये लॉकडेप (लॉकच्या चुका पकडणारं), केसॅन (मेमरीच्या चुका पकडणारं), ॲटॉमिक संदर्भात, म्हणजे झोपायची मुभा नसताना झोपल्याची तपासणी आणि डीएमए एपीआय डीबग ही चारही चालू ठेवा. कर्नल हळू होईल, होऊ द्या. डेटा रेस, म्हणजे एकाच मेमरीसाठीच्या शर्यती शोधायला केसीसॅन वेगळ्या बिल्डमध्ये. गेस्टमधला कर्नल डीबग करायला क्यूईएमयूला वजा एस लहान आणि मोठा असे दोन पर्याय द्या, तो १२३४ पोर्टवर जीडीबीची वाट बघत थांबतो. कर्नलच्या कमांड लाइनवर नोकेएएसएलआर टाका (कर्नल दर वेळी वेगळ्या पत्त्यावर बसणं त्याने बंद होतं), नाहीतर ब्रेकपॉइंट चुकीच्या पत्त्यांवर बसतील. कामगिरीसाठी पर्फ केव्हीएम स्टॅटने एक्झिट कशामुळे होतात ते आधी मोजा, मगच कोडला हात लावा. आणि मी स्वतः कधीही न टाळणारी चाचणी: पूर्ण वेगाने ट्रॅफिक चालू ठेवून दुसऱ्या टर्मिनलवर मॉड्यूल काढणं-घालणं रात्रभर लूपमध्ये, केसॅन चालू ठेवून.

पॅच पाठवण्याबद्दल थोडक्यात. दुरुस्ती असेल तर नेट ट्री, नवीन काही असेल तर नेट-नेक्स्ट. मर्ज विंडोच्या (मुख्य कर्नलमध्ये नवे बदल घेण्याच्या) साधारण दोन आठवड्यांत नेट-नेक्स्ट बंद असतं, तेव्हा पाठवू नका. दुरुस्तीला फिक्सेस टॅग, मूळ कमिटच्या हॅशची पहिली १२ अक्षरं आणि शीर्षकासह. नेटवर्किंगमध्ये स्थानिक व्हेरिएबल लांब ओळ वर, आखूड खाली अशी लावतात; क्षुल्लक वाटलं तरी पाळा, मेंटेनरचा वेळ वाचतो. एका मालिकेत १५ पेक्षा जास्त पॅच नकोत. केव्हीएमकडे नवीन वागणूक आणत असाल तर सेल्फटेस्ट सोबत द्या. नेटवर्किंगच्या यादीवर नवी आवृत्ती पाठवताना आधीचीला निदान २४ तास होऊ द्या. आणि बॅरियर टाकला असेल तर त्याच्या शेजारी कमेंट लिहा: हा कुठल्या फंक्शनमधल्या कुठल्या बॅरियरचा जोडीदार आहे. जोडीदाराचं नाव लिहिता येत नसेल, तर पॅच अजून पाठवू नका.